आमच्या वाट्याचा खोकला

"फुकट मिळालं की तुम्ही लोक साध्या शिंकेलाही दवाखाना गाठता," साहेब म्हणाले. भर कँटीनमध्ये. आधी मराठीत, आमच्यासाठी. मग हिंदीत, बाकीच्या साहेबलोकांसाठी. सगळे हसले. आम्ही झाडूपोछावाल्या बाया भिंतीशी उभ्या होतो.

साहेब नागपूरचे. नवा रायपूरच्या या ऑफिसात ते आले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! माझा बाप भंडाऱ्याहून रेल्वेच्या कामाला इथे आला आणि इथेच मेला. आता माझी पोरगीसुद्धा मला हिंदीत उत्तर देते. आणि हा एवढा मोठा माणूस पहिल्याच दिवशी थांबून विचारतो, "कोणत्या गावच्या ताई तुम्ही?" मी विरघळले. आपला माणूस आला, असं घरोघर सांगत सुटले.

विम्याचं कार्ड त्यांनीच आणलं. आम्हा ठेक्यावरच्या बायांनाही. फक्त नियम असा, की दर वेळी डॉक्टरला दाखवलं की बिलातला हिस्सा आधी आपण भरायचा, मग उरलेलं विमा बघणार. हा हिस्सा कशाला, असं आमच्यातल्याच सविताने विचारलं. "खिशाला जरा कात्री लागली की माणूस विचार करून आजारी पडतो," असं उत्तर मिळालं.

आम्ही खरंच विचार केला. हिस्सा वाचवायचा म्हणून एकच बाई डॉक्टरकडे जायची. तिच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवून बाकीच्या जणी मेडिकलमधून त्याच गोळ्या आणायच्या. खोकला म्हणजे खोकला, त्यात वेगळं काय असणार?

माझी धाकटी बहीण बेबी माझ्यासोबतच कामाला होती. तिचा खोकला काही जाईना.

"दाखवून ये ना वं," मी म्हणायची.

"हिस्सा कोन भरन? सविताच्या गोळ्या खाऊन राहिली ना मी."

सविताचा नुसता घसा धरला होता. बेबीला टीबी होता. तोंडातून रक्त पडलं तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुत देर कर दी, दीदी." टीबीचं औषध तिथे फुकट मिळतं, पण तिथल्या रांगेत दिवसाची मजुरी बुडते म्हणून आधी गेलोच नव्हतो. बेबी ते पुरतं घ्यायलाही उरली नाही. तोवर ज्या कोंदट खोलीत आम्ही कपडे बदलायचो, डबे खायचो, तिथे सविताला लागण झाली. घरी माझ्या पोरीला. नंतर वरच्या मजल्यावरच्या एका बाबूलाही झाली, तेव्हा कुठे ऑफिस हादरलं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आमचे पेले वेगळे केले. आम्ही मागच्या जिन्यानेच यायचं, असं ठरलं. माझ्या आजीला विहिरीवरून हाकललं होतं, ते मी लहानपणी ऐकलं होतं. आता माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि करणारा आपला माणूस होता.

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही लोक वेळेवर दाखवत नाही. अडाणीपणा, दुसरं काय! ताई, तुम्हीच सांगा सगळ्यांना, चूक तुमच्या बहिणीची होती म्हणून."

दवाखान्यात गेलो तर आम्ही फुकटे. नाही गेलो तर अडाणी. मेलो तर चूकही आमचीच.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

"काय?"

"बेबीनं तुमचंच आयकलं, साहेब. विचार करूनच बिमार पडली. तिले तुमच्या हिश्श्यानं मारलं. अन् मले ताई म्हनाचं नाही."

कुणी हसलं नाही. वेगळा मांडलेला माझा पेला मी उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जणी गेटवर बसलो. ठेकेदाराचा माणूस नाव कापायची धमकी देऊन गेला. सविता तोंडाला पदर बांधून लांब बसली होती, पण आली होती. माझ्या पोरीचं औषध अजून चालू आहे, घरात दुसरी कमाई नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगते. हिस्सा हटल्याशिवाय त्या ऑफिसातली धूळ मी झाडणार नाही, आणि माझ्या बहिणीला अडाणी म्हणणाऱ्याला तोंडावर खुनी म्हणेन.