लोवेल ट्वेटचा टूलबॉक्स आणि हार्लनची हत्यारं

लोवेल ट्वेटचा टूलबॉक्स माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा लांब आहे आणि ओट्यापेक्षा स्वच्छही. लालभडक रंग. झाकण उचललं की आत निळे दिवे लागतात, एका कोपऱ्यात गाणी वाजतात, दुसऱ्या कोपऱ्यात थंड पेयांचा छोटा फ्रिज. सकाळी कामावर आला की अंगातला कोट काढायच्या आधी हा माणूस मऊ फडकं घेऊन तो पुसायला लागतो. घरी न्हाणीघराचा नळ कधीपासून गळतोय म्हणून त्याची बायको गावभर सांगत फिरते. मायनॉट शहराच्या अलीकडच्या आमच्या गावात एकच मोठं गॅरेज आहे, आणि तिथे स्पेअरपार्टच्या काउंटरवर मी बसते. काउंटरची काच थेट शेडमध्ये उघडते. त्यामुळे हे पुसणं रोज बघायचं माझ्या नशिबी आलं आहे.

त्याला माणूस दिसायचा अवकाश. कुणी गिऱ्हाईक तेल बदलायला आलं, कुरियरवाला पाकीट द्यायला आला, की लोवेल त्याला कोपराला धरून नेणार आणि एकेक खण ओढून दाखवणार. काळा फोम, फोममध्ये नेमक्या आकाराची भोकं, आणि प्रत्येक भोकात एकेक चकचकीत पाना झोपवलेला. एकदा मी काय आहे म्हणून एक रॅचेट, म्हणजे कटकट वाजत फिरणारा पाना, उचलायला गेले, तर केवढ्याने ओरडला.

"अगं अगं, वर्ना! बोटांचे ठसे उमटतात!"

"मग वापरतोस काय, दात?"

"वापरायला हार्लनची आहेत की," असं म्हणून तो खिदळला. बाकीचेही खिदळले. हार्लन ऑस्बी शेजारच्याच जागेवर एका ट्रकखाली आडवा झाला होता. तोही खालून हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्यात विनोद काहीच नव्हता. लोवेल खरोखरच हार्लनची हत्यारं वापरायचा. स्वतःची मळतील म्हणून.

आमच्याकडे गॅरेज कुणाला हत्यार देत नाही. मेकॅनिक येतो तो स्वतःचा टूलबॉक्स घेऊन, आणि जातो तोही घेऊनच. टूलबॉक्स नाही तर नोकरी नाही. म्हणूनच दुसऱ्याचं हत्यार एकदा मागितलं तर चालतं, दुसऱ्यांदा मागितलं की आपलं विकत घ्यायचं, असा या लोकांचा दंडक आहे. हा दंडक लोवेल नव्या माणसांना अगदी छाती पुढे काढून सांगायचा आणि सांगता सांगता हार्लनच्या खणात हात घालायचा.

हार्लनचा टूलबॉक्स करडा, पोचे आलेला, त्याच्या बापाच्या वेळचा. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याने स्वतः वाकवलेल्या, घासलेल्या, जोडलेल्या. दाखवायला कधी कुणाला बोलावलं नाही. कुणी मागितलं तर द्यायचा, आणि परत आलं नाही तर स्वतः जाऊन घेऊन यायचा, चकार शब्द न काढता. मला त्याचा हा भिडस्तपणा आवडायचा नाही. "अरे, एकदा खडसाव ना त्याला," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे गं. आपलीच माणसं आहेत."

सप्टेंबरात हार्लन तळ्यावर मासे धरायला गेला आणि बोटीतच गेला. हृदय बंद पडलं. त्याच्या दफनाला सगळं गॅरेज इस्त्रीचे शर्ट घालून उभं होतं. शवपेटी उचलणाऱ्यांत लोवेल पुढे होता आणि सगळ्यांत मोठ्याने रडला तोही लोवेल. मला वाटलं, चला, या माणसात थोडं तरी काळीज आहे. अशा वेळी माणसाला काहीही वाटतं.

हार्लनची बायको आयलीन टूलबॉक्स न्यायला आली नाही. तिला शेडमध्ये पाय ठेववेना. फोनवर म्हणाली, "वर्ना, असू दे तिथेच थोडे दिवस. ब्रिटाला लागणार आहे तो." ब्रिटा त्यांची मुलगी. तिचं मेकॅनिकचं शिक्षण तेव्हा संपत आलं होतं, आणि पलीकडच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तिला जागा मिळाली होती. तिथला फोरमन म्हणाला होता, ऑस्बीचा टूलबॉक्स घेऊन ये, बाकी मला काही विचारायचं नाही.

तर तो टूलबॉक्स शेडमध्ये राहिला. आणि मग माझ्या काचेतून मला एकेक दिसायला लागलं.

पहिल्यांदा नुसतं रेंगाळणं. चहा-कॉफीच्या सुट्टीत कुणीतरी त्या बाजूला जाऊन उभा राहायचा, हळूच एक खण ओढायचा, एखादी गोष्ट उचलून तिचं वजन बघायचा, ठेवायचा. आठवण काढतोय बिचारा, असं तोंड करून. मग म्हातारा ऑर्विन एक पक्कड घेऊन जाताना दिसला. मी काच सरकवून ओरडले, तर म्हणाला, "माझीच आहे ती, त्यानेच नेली होती." मग सगळ्यांनाच आठवायला लागलं की हार्लनने आपल्याकडून काय काय नेलं होतं. ज्या माणसाने जन्मात कुणाकडे स्क्रूड्रायव्हर मागितला नाही, तो मेल्यावर एकाएकी सगळ्या गॅरेजचं काहीबाही लुबाडून बसला होता. मालकाला सांगितलं तर त्याने कानावर हात ठेवले. हत्यारं त्यांची त्यांची, मी त्यात पडत नाही, म्हणाला.

ब्रिटा शनिवारी येणार होती आणि सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या भाचीने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. लोवेल अधूनमधून आपल्या टूलबॉक्सचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकतो आणि जगभरातले त्याच्यासारखेच रिकामटेकडे ते बघतात. या वेळी एक नवा खण होता. नवा फोम, नवी भोकं. आणि मधोमध एक वाकडा पाना. गॅसच्या ज्योतीवर लाल करून मधेच वळवलेला, जुन्या ट्रकच्या स्टार्टरमागचा बोल्ट काढायला. तसा पाना बाजारात मिळत नाही. हार्लन तो वापरताना मी हजारदा पाहिला होता. त्याच्या दांड्यावर हार्लनने आपल्या नावाची अक्षरं कोरली होती. तिथे आता नुसता ग्राइंडर फिरवलेला पांढरा चट्टा होता.

"हा माझा जुना खजिना, मंडळी," व्हिडिओत लोवेल सांगत होता. "अशी हत्यारं बनवणारे हात आता राहिले नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी मी ब्रिटाच्या आधी गॅरेजात पोचले आणि सरळ लोवेलसमोर उभी राहिले. "तो वाकडा पाना काढ. आणि त्या खणातलं बाकीचंही काढ. त्यातलं एकही तुझं नाही."

"सावकाश, वर्ना. हार्लननेच दिलंय मला सगळं."

"आणि अक्षरं घासून टाकायलाही त्यानेच सांगितलं का?"

"गंज होता तिथे," तो म्हणाला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

तेवढ्यात ब्रिटा पिकअप घेऊन आली. बापासारखी लांब हनुवटी, केस टोपीत कोंबलेले. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. मग ती हार्लनच्या टूलबॉक्सपाशी गेली आणि वरचा खण ओढला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. खण एवढे हलके सरकत होते की दोनदा तिच्या पोटावर आपटले. शेडमध्ये एकाएकी सगळ्यांना आपापल्या गाडीत फार काम निघालं. जो तो वाकला.

"बाकीचं कुठे आहे?" तिने विचारलं.

शेवटी लोवेल पुढे आला. "तुझा बाबा फार मोकळ्या हाताचा होता गं पोरी. ज्याला त्याला देत सुटायचा."

लोवेलचा टूलबॉक्स उघडाच होता, निळे दिवे लागलेले. ब्रिटा तिकडे गेली आणि त्या वाकड्या पान्याकडे बघत उभी राहिली. "हा आमच्या अंगणात वाकवलाय," ती म्हणाली. "दुसरं टोक मी पकडीत धरलं होतं. माझ्या हातमोज्याला भोक पडलं, म्हणून आई बाबावर ओरडली होती." मग ती लोवेलकडे वळली. आवाज चढवला नाही. "लोवेल, मी सोमवारी कामावर चाललेय. अर्धवट हत्यारं घेऊन गेले तर ते मला परत पाठवतील."

मी मनात म्हटलं, आता बघते हा काय तोंड दाखवतो. लोवेलने एकदा तिच्याकडे, एकदा पान्याकडे बघितलं. आणि मग त्याचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगते, उजळला.

"अगं वेडे, मग आधी नाही का सांगायचं!" तो म्हणाला. "मंडळी, या रे सगळे इकडे! आपल्या हार्लनच्या लेकीला आपण रिकाम्या हाताने पाठवणार का?"

त्याने फोन ऑर्विनच्या हातात दिला. गाणी बंद केली, दिवे वाढवले, केसांवरून हात फिरवला. आणि फोनकडे बघत गळा दाटून आल्यासारखा बोलायला लागला. आम्ही मेकॅनिक म्हणजे एक कुटुंब. आमचा मित्र गेला, पण त्याची मुलगी आमचीही मुलगी आहे. आणि म्हणून आज मी माझ्या संग्रहातली ही हत्यारं तिला भेट देतो आहे. मग एकेक पाना फोममधून उचलून त्याने तिच्या हातात ठेवला. प्रत्येक पाना ठेवताना थोडा थांबायचा, फोनमध्ये नीट यावं म्हणून.

आणि बाकीचे! त्यांना तेवढीच वाट हवी होती. एक जण आपल्या जागेवर गेला आणि सॉकेटची पेटी घेऊन आला. "माझ्याकडून." दुसरा हातोडी घेऊन आला. तिसरा हवेवर चालणारं पाना-यंत्र. ऑर्विनने फोन दुसऱ्याकडे दिला आणि ती पक्कड आणली. "माझ्याकडून ही छोटीशी भेट, बाळ." खरोखर उचलून नेणारे दोनतीनच असतील, असं मी समजत होते. निघालं सगळं गॅरेज. शिवाय एकालाही लाज वाटत नव्हती. उलट डोळे पुसत होते. आणि मला नक्की ठाऊक आहे की त्या वेळेपर्यंत त्यांना खरंच वाटायला लागलं होतं, की आपण देतोय.

मी तोंड उघडलं. ब्रिटाने माझ्याकडे बघितलं आणि अगदी किंचित मान हलवली. नको. मग प्रत्येकाला ती म्हणत गेली, थँक यू. थँक यू, ऑर्विन. थँक यू, लोवेल. लोवेलने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "हस की जरा." ती हसली.

टूलबॉक्स पिकअपवर चढवून दोरखंडाने बांधल्यावर ती हात धुवायला आत आली. तो संत्र्याच्या वासाचा खरखरीत साबण घेऊन तिने हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले.

"आभार कसले मानलेस त्यांचे?" मी विचारलं. "थोबाडीत द्यायची होती एकेकाच्या."

"दिली असती तर अर्धी हत्यारं इथेच राहिली असती, वर्ना. सोमवारी मी काय करणार होते?" तिने नळ बंद केला. "आणि आईला यातलं काही सांगू नकोस. बाबाने सगळा जन्म या लोकांत काढला. तो चांगल्या माणसांत होता असंच तिला वाटू दे."

मी आयलीनला काही सांगितलं नाही. ब्रिटा सोमवारी रुजू झाली, तिला ठेवूनही घेतलं.

व्हिडिओ लोवेलने त्याच रात्री टाकला. खाली लोकांनी काय काय लिहिलं, ते भाचीने मला वाचून दाखवलं. असे मित्र हवेत. माणुसकी अजून जिवंत आहे. लोवेल दिवसभर फोन काढून तेच ज्याला त्याला दाखवत होता. गिऱ्हाइकं आता त्याचा टूलबॉक्स बघायला मुद्दाम यायला लागली आणि रिकाम्या झालेल्या खणापाशी तो त्यांना आवर्जून उभं करायचा.

तो व्हिडिओ आयलीननेही पाहिला. पुढच्या आठवड्यात, एवढे दिवस जिला शेडमध्ये पाय ठेववत नव्हता, ती स्वतः आली. हातात मोठा ट्रे. लाल भोपळ्याच्या वड्या, वर लोणी-साखरेचा जाड थर. सगळ्यांच्या पुढे एकेकदा ट्रे धरत ती म्हणाली, "तुम्ही माझ्या ब्रिटासाठी जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हार्लन नेहमी म्हणायचा, आपलीच माणसं आहेत."

त्यांनी खाल्ल्या. लोवेलने दोन घेतल्या आणि बोटं चाटत म्हणाला, "आयलीन, तू उगाच त्रास घेतलास." मग तिने ट्रे माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, नको, सकाळपासून पोट बरं नाही. तिला वाईट वाटलेलं मला दिसलं.

"एक तरी घे गं," ती म्हणाली. "तुला आवडते ना, म्हणून कडेची खास ठेवलीय."

मी घेतली. ती जाईपर्यंत हातात धरून ठेवली, आणि मग कचऱ्यात टाकली.