पुलाजवळच्या होर्डिंगवरची ताई

ताईला आयटी कंपनीत नोकरी लागली, त्या काळात पुण्यात जिकडे पाहावं तिकडे होर्डिंगं उभी राहत होती. येरवड्याहून कॉलेजला जाताना मी बसच्या खिडकीशी बसून वर बघत राहायचे. नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत परदेशी बायका निळ्या पाण्याकाठी हसत असायच्या. हिवाळ्यात नदीवर धुकं असलं की खांब दिसायचे नाहीत, नुसते ते गोरे चेहरे हवेत तरंगायचे. आमच्यासारखा काळासावळा चेहरा त्यांत नसायचा. तो नाही, हे मला जाणवायचंही नाही.

एकदा ताईच्या ऑफिसात जाहिरातवाले आले. आयटीतल्या लोकांसाठी घरं बांधत होते, म्हणून नोकरी करणारी खरी मुलगी हवी होती. त्यांनी ताईला निवडलं. तिने हिरवा कुर्ता घालून फोटो काढून घेतला. होर्डिंग नदीवरच्या पुलाजवळ लागल्याचं कळलं तसे आम्ही चौघं रविवारी रिक्षाने बघायला गेलो.

वर एक गोरीपान मुलगी लॅपटॉप घेऊन हसत होती. कुर्ता ताईचा होता, हसूही ताईचं.

"दुसरं असेल पुढे कुठे," बाबा म्हणाले.

आई उन्हाला पदर आडवा धरून बघत राहिली. नागपूरकडची बोली तिने कधी सोडली नाही. "नाक तुयं हाय," ती म्हणाली. "बाकी कोनाचं हाय?"

पुढच्या शनिवारी मला सोबत घेऊन ताई शनिवार पेठेत जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात गेली. कॉम्प्युटरसमोर एक वयस्कर गृहस्थ बसले होते.

"आपण?"

"त्या पुलाजवळच्या होर्डिंगवरची मी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाटत नाही."

"म्हणूनच आले."

त्यांनी मूळ फोटो उघडला. पडद्यावर ताई होती, आमच्या स्वयंपाकघरात बसते तशीच.

"बिल्डरला उजळ हवी होती," ते म्हणाले. "आम्ही उजळ केली."

"ही छापून द्या मला. मोठी."

ते म्हणाले, "बघतो," आणि उठून आत गेले. आतलं मशीन घरघरू लागलं.

फ्लेक्सची गुंडाळी घरी आणली तर ती उघडायला खोलीत जागा पुरेना. आम्ही ती गच्चीवर पसरली, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या. दुपारच्या उन्हात ताईचा तो भलामोठा सावळा चेहरा आभाळाकडे बघत हसत होता. वाळत घातलेल्या साड्यांच्या सावल्या त्याच्यावरून हलत होत्या. लोहगावला उतरणारं विमान अगदी खालून गेलं, तेव्हा मला वाटलं, आतल्या लोकांना ताई दिसली असणार. शेजारच्या काकू पापड घेऊन वर आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली." ताई तेव्हा रडली. आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि पदराने फ्लेक्सवरची धूळ पुसत राहिली.

त्या जाहिरातवाल्यांनी ताईला दुसऱ्या जाहिरातीसाठी पुन्हा एकदा विचारलं. "रंग माझाच ठेवणार असाल तर येते," ती फोनवर म्हणाली. त्यांचा फोन परत आला नाही. फ्लेक्स बाबांनी कडा दुमडून बाहेरच्या खोलीत भिंतभर लावला. पाहुणे आले की आधी दचकायचे, मग बसायचे.