एका क्लिकच्या दोन चिठ्ठ्या

माऊसचं बटण दाबण्याआधी काका श्वास रोखायचे. दाबून झालं की तापल्या तव्यावरून उचलावा तसा हात उचलायचे आणि मला विचारायचे, “एकच गेली ना?”

काल्हेरला औषधांच्या गोदामात आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. ऑर्डरवर क्लिक केलं की चिठ्ठी छापून निघे आणि त्या चिठ्ठीप्रमाणे हमाल टेम्पो भरत. काका अंजूरचे. बरीच वर्षं कापडाचे लूम दुरुस्त करणारे मिस्त्री होते. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चूक व्हायच्या आधीच माफी मागून ठेवणारी.

एके दिवशी सलाईनची खोकी एकाच इस्पितळाला दोनदा गेली, दुसऱ्याला गेलीच नाहीत. काकांच्या एका क्लिकवर दोन चिठ्ठ्या निघाल्या होत्या. पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा, असं मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले.

त्या दुपारी काकांनी डबा उघडलाच नाही, माऊस उघडला. बटणाखाली एक बारीकसा स्विच असतो. तो झिजला असणार म्हणून त्यांनी काढला आणि एका जुन्या माऊसमधला काढून तिथे बसवला. यंत्रांत मुरलेले ते हात, पण सोल्डरचा डाग देताना कथील तीनदा भलतीकडेच सांडलं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

माऊस जोडला. काकांनी क्लिक केलं. दोन चिठ्ठ्या. मी केलं. एक. त्यांनी पुन्हा केलं. दोन.

ते कितीतरी वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “कुनाला सांगू नको, पोरी. धाकटीचं लगीन ठरलंय.”

त्यानंतर त्यांच्या ऑर्डरींवर मीच हात लांब करून क्लिक करायचे. मॅनेजरची केबिन उघडली की मी हात झटकन मागे घ्यायचे. महिना असा काढला. एकदा मी फोनवर असताना माझ्या कॉम्प्युटरवर घाईची ऑर्डर आली आणि मला मदत म्हणून काकांनीच बटण दाबलं.

दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मॅनेजर माझ्यासमोर उभे राहिले. शेजारची खुर्ची सरकली.

“तिचं काय न्हाय, साहेब,” काका म्हणाले. “माऊस बी बरा हाय. हात माझा बिघडलाय.”

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

धाकटीचं लग्न उरकल्यावर मी अंजूरला गेले. काका पडवीत बसले होते. हाताचं विचारलं तर औषध चालू हाय म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, मागाहून तुला कुनी काय बोललं तर न्हाय? मी नाही म्हटलं. काकूंनी चहा आणला. मी प्यायले, त्यांचा कप तसाच निवत राहिला.

अंगण ओलांडून मी मागे पाहिलं. काकू त्यांच्याजवळ बसल्या होत्या आणि कप त्यांच्या ओठांशी धरला होता.