मी त्यांना थांबा म्हणाले

रविवारी दुपारी फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. नंबर अप्पांचा, आवाज परका. “बाई, ह्या फोनमदी ‘घर’ म्हणून नंबर हाय, म्हणून लावलो. मी ॲटोवाला बोलून राहिलो. काकांना चक्कर आली, दवाखान्यात आणलंय. जल्दी या.” त्या नंबराची हकिकत अशी, की अठरा वर्षांपूर्वी अप्पा नांदेडला आमच्या वरच्या दोन खोल्यांत किरायानं राहायला आले, तेव्हा त्यांच्या बायकोजवळ, म्हणजे अक्काजवळ, फोन नव्हता. दुकानातून निरोप माझ्या फोनवर यायचा आणि मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून अक्काला हाक मारायची. पुढं अक्काचा फोन आला, तिचा नंबर तिच्या नावानं नोंदला गेला, आणि माझा तेवढा ‘घर’ म्हणूनच राहिला. आम्ही दोघी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर दाराबाहेरच उभे होते. त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं… अक्कानं माझा दंड धरला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

निघताना ते मला सांगून गेले होते, “बाई, एक घर बघून येतो.” हे वाक्य मी इतक्या रविवारी ऐकलं होतं, की मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आता त्याची हळहळ वाटते. त्यांना अंगणात आणलं तेव्हा गल्लीतल्या एका शहाण्यानं मला बाजूला घेऊन हळूच सुचवलं, किरायदार माणूस आहे, इथं कशाला उतरवता, गाडी परस्पर गावाकडं जाऊ द्या की. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडलेला माझा आवाज अजून शाबूत आहे, एवढं त्याला समजलं. मग निलंग्याजवळच्या त्यांच्या गावी, भावाच्या शेतात, त्यांच्यातल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून त्यांना माती दिली.

अप्पा कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचे. जागा बघायला आले तेव्हा अंगात पांढरा शर्ट, कपाळावर भस्माची तीन बोटं, मागं अक्का आणि तिचा पदर धरून पाच वर्षांची लेक. किराया किती, हे विचारायच्या आधी त्यांनी प्यायला पाणी मागितलं. तांब्यातलं पाणी तोंडात घोळवून, थांबून, मग गिळलं, आणि म्हणाले, “राहतो. दोन वर्षं राहतो, तवर आपलं घेऊ.” मला वाटलं, माणूस तहानलेला असेल. नंतर कळलं, ती त्यांची घर पारखायची रीत होती. लातूरकडचा माणूस पाण्याच्या बाबतीत दुधानं तोंड पोळलेला. ते दर रविवारी घर बघायला जायचे, तेही ऐन दुपारी, कारण उन्हाळ्यात दुपारी दोनला छत किती तापतं ते सकाळी कळत नाही. आणि तिथं गेल्यावर घरमालकाकडं नाही, तर शेजाऱ्याकडं पाणी मागायचे. मालक विकत आणलेलं पाजतो, शेजारी बोअरचं पाजतो, असं त्यांचं म्हणणं.

आल्यावर खालीच माझ्या ओट्यावर बसून अहवाल द्यायचे. अमक्या घराचं पाणी खारट, तमक्याचा जिना पावसात गळणार, फलाण्याचा प्लॉट चांगला, पण कागद कच्चे. आणि सगळ्यांच्या वरचा मोठा घोळ म्हणजे नांदेडला घ्यावं का लातूरला. नोकरी इथं, पाणी इथं, पण सगे-सोयरे तिकडं. त्यात एक नवं मोठं सरकारी कार्यालय नांदेडला होणार का लातूरला, ह्याची बातमी दर चार महिन्यांनी पेपरात यायची. बातमी इकडं झुकली की इकडचे प्लॉट चढायचे, तिकडं झुकली की तिकडचे. अप्पा कात्रणं घडी करून खिशात ठेवायचे. मी त्यांना चिडवायची, “अप्पा, चाळीस साड्या उलगडून पुढच्या खेपेला येते म्हणणाऱ्या बाया असतात ना, त्यातले तुम्ही.” ते हसायचे. म्हणायचे, त्या बायांचा मला कधी राग येत नाही, बाई. त्यांना साडी पायजेच असते. भ्या वाटतं एवढंच.

अक्का ह्या चर्चेत नसायची. ती वरून चहा आणून द्यायची आणि परत वर जायची. एकदाच, पापड लाटताना, ती मला म्हणाली होती की घर लहान असलं तरी चालंल, पण लेकीचं लग्न आपल्या दारातून व्हावं. त्यापलीकडं तिनं कधी काही मागितलं नाही. निदान माझ्या कानावर तरी आलं नाही.

आता जे लिहायचंय ते लिहायला मी तीन आठवडे घेतले. अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, अप्पा दुकानातून लवकर आले. चेहरा उजळलेला. इथंच नांदेडात, तरोड्याकडं दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं बेलाचं झाड लावण्यापुरती जागा. कागद पक्के, पाणी गोड. दुसऱ्या दिवशी बयान्याचे पैसे द्यायचे होते. पण दुकानात कुणीतरी सांगितलं होतं की कार्यालय लातूरलाच जाणार, इथले भाव धाडकन पडणार, सहा महिने कळ काढ. ते ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, “बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. घेऊ का थांबू?”

खरं सांगते, बाजाराचं मला ओ का ठो कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की त्याच महिन्यात माझा मुलगा बायको-पोरांना घेऊन पुण्याला गेला होता. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. गुडघा दुखायला लागला होता. वर अप्पांच्या पावलांचा आवाज असला की मला झोप लागायची. हे सगळं मी त्यांना सांगू शकले असते. जा, पण मला भीती वाटते, असं म्हटलं असतं तर त्या माणसानं रोज येऊन माझी खबर घेतली असती, एवढी मला खात्री आहे. पण मी बाजाराचं नाव पुढं केलं. म्हणाले, “थांबा अप्पा. भाव पडून राहिलेत, आत्ता कशाला उडी मारता.” मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, त्यामुळं ते खरं वाटलं असणार. त्यांनी लांब श्वास सोडला. “हाव. थांबतो मग,” म्हणाले, आणि वर गेले.

भाव पडले नाहीत. वर्षभरात ते घर त्यांच्या हाताबाहेर गेलं, आणि त्यानंतर बघितलेलं प्रत्येक घर आणखी थोडं बाहेर. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट म्हणायचे, भाव कुणाच्या बापाला कळलाय, बाई. मी मात्र त्या वर्षापासून किराया वाढवायचं बंद केलं. गल्लीत माझं नाव झालं, अशी मालकीण शोधून सापडायची नाही म्हणून. पाप धुवायला निघालेल्या बाईला लोक पुण्यवान म्हणत होते. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मांडव माझ्या दारात पडला. अप्पांनी पत्रिकेत पत्ता घालताना मला विचारलं, तुमचं घर लिहू ना, बाई? मी म्हणाले, विचारता काय, लिहा की. ‘घर पाहावं बांधून’ म्हणतात, त्यांनी लग्न पाहिलं करून, पण घर काही बांधून पाहिलं नाही. लेक उदगीरला गेली. अप्पा आणखी तीन वर्षं रविवारी घरं बघत राहिले, आणि मी दर रविवारी मनात म्हणत राहिले, आज तरी पसंत पडू दे रे देवा… आणि लगेच घाबरत राहिले.

गेल्या सोमवारी अक्का खाली आली. सकाळचे दहा वाजले असतील. हातात अप्पांचा फोटो, लेकीनं मोठा करून, चौकट लावून पाठवलेला. बसायला सांगितलं तर बसली नाही. म्हणाली, “बाई, एक खिळा मारू का भिंतीत?”

मला समजेना. म्हटलं, मार की, एवढं काय विचारायचं. तर म्हणाली, आजवर मारला नव्हता म्हणून विचारते. मी तिच्यामागून जिना चढले. एरवी मी वर गेले तरी दारातूनच बोलून परत येणारी. त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडं बघितलं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, आरसा कोनाड्यात टेकवलेला, कपडे दाराच्या कडीला, देवाची तसबीर ट्रंकेवर उभी. अठरा वर्षं तीन माणसं त्या खोल्यांत जगली आणि भिंतीला एक भोक नव्हतं. अक्का म्हणाली, त्यांनी घातलेला नेमच होता तो. दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा न्हाई, आपल्या घरी गेल्यावर पायजे तेवढे मारू.

मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं बोलून टाकलं. तो सोमवार, भाव, गुडघा, पुण्याला गेलेला मुलगा, माझी भीती. तुझं घर मी घालवलं, अक्का, असं स्वच्छ म्हणाले. ती फोटो छातीशी धरून ऐकत होती.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “च्या घेऊन येत हुते. जिन्यात उभी हुते.”

मला आठवलं. त्या दिवशी चहा आलाच नव्हता, आणि अप्पांना किंवा मला त्याची आठवणही झाली नव्हती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? अकरा वर्षं?

“काय बोलू? तुमाला भ्या वाटत हुतं, तुमी थांबा म्हणला. त्येंनाबी भ्या वाटत हुतं, त्ये थांबले. दोघंबी सुटल्यावानी झालता.” तिनं फोटोच्या काचेवरून पदर फिरवला. “मला कुणी इचारलंच न्हाई, बाई.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी खाली जाऊन हातोडी आणली आणि विचारलं, “अक्का, कुठं पायजे?” तिनं दारासमोरच्या भिंतीवर मधोमध बोट ठेवलं. मी खिळा धरला, ठोकला तिनं. चौथ्या घावाला गिलाव्याचा पोपडा सुटून खाली पडला. अक्का लगेच वाकून तुकडे पदरात वेचायला लागली. “भिंत खराब झाली,” म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे.

लेक उदगीरला बोलावते आहे, लातूरला बहीण बोलावते आहे. अक्कानं अजून काही ठरवलेलं नाही आणि मी तोंडाला कुलूप लावलं आहे. ह्या वेळी ती जे म्हणेल ते. रोज सकाळी वर जाते, फोटोला फूल घालते. अप्पा चौकटीत किंचित डावीकडं कलले आहेत. काल सरळ करायला मी हात पुढं केला, मागं घेतला, आणि अक्काला विचारलं, सरळ करू का?

तिनं चुलीपासूनच बघितलं. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तसंच बरं हाय.”