सगळ्यात वाईट विमान

शहागडला हायवेच्या कडेला एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छत, चार बाकडी आणि दिवसभर उकळणारा चहा. तिथं माणसं राजकारणावर भांडतात, सोयाबीनच्या भावावर भांडतात, कधी उगाचच भांडतात. आम्ही दोघं मात्र जगातलं सगळ्यात वाईट लढाऊ विमान कोणतं यावर भांडायचो. कित्येक वर्षं, दर रविवारी. ऐकणारे हसायचे, हसोत बापडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि लहानपणापासून मला विमानांचं वेड आहे. अख्ख्या अंबड तालुक्यात त्या वेडाला जोडीदार म्हणून मला हा एकच माणूस मिळाला होता.

तो माझा वर्गमित्र. बारावीनंतर हवाई दलात गेला, लढाऊ विमानांच्या इंजिनांवर मेकॅनिक म्हणून राबला आणि निवृत्त होऊन जवळच्याच आपल्या गावी शेती करायला परत आला. गाव त्याला पायलट म्हणायचं. हवाई दलात होता म्हणजे विमान चालवतच असणार, यापलीकडे गावाला विचार करायची गरज वाटली नाही. सुरुवातीला त्याने समजावून पाहिलं, की बाबांनो, मी खाली उभा राहायचो, वर जाणारे दुसरे असायचे. तो मोठेपणा घेत नाही म्हणून गावाने त्याला आणखीच मान दिला. लग्नपत्रिकांमध्ये त्याच्या नावापुढे पायलट छापून यायला लागलं. हाक मारली की तो जरासा आकसायचा. मला वाटायचं, लाजतो.

आमच्या वादाचा पंच म्हणजे हॉटेलवाला. त्याने जन्मात विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, पण निकाल द्यायला तो कधी कचरला नाही. मी एकदा महायुद्धातल्या एका जर्मन विमानाचं सांगितलं. ते रॉकेटवर उडायचं, आणि त्याचं इंधन असं जहाल, की गळती झाली तर बसल्या जागी पायलट भाजून निघायचा. दुसऱ्या रविवारी मी एक अमेरिकन विमान काढलं. त्यात सुरुवातीला अशी सोय होती, की संकटात बटण दाबलं की पायलटची खुर्ची खालच्या बाजूने बाहेर फेकली जायची.

"खाली? म्हंजे जमिनीकडं?" हॉटेलवाल्याने गाळणी हवेतच धरली.

"जमिनीकडं."

"बिलकुल बेकार! ह्येच्याहून वाईट काय असंल, सर?"

मित्र मान हलवायचा. एकदा मी आपल्याच देशात बनलेल्या एका देखण्या विमानाची गोष्ट सांगितली. बांधा सुरेख, पण त्याला हवं तेवढं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालंच नाही. तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, ट्रॅक्टरच्या धुडाला मोपेडचं इंजिन लावल्यावर काय व्हायचं! त्यावरही मित्र नुसता हसला. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. ज्या विमानावर त्याने निम्मी नोकरी काढली, तेच सगळ्यात वाईट. त्याचं नाव तो कधी घ्यायचा नाही, "आमचं" म्हणायचा. "तुझी समदी इमानं एका बाजूला अन् आमचं एका बाजूला. आमच्याहून नीच मशीन दुनियेत झाली न्हाई."

मला हे पटायचं नाही. ज्या यंत्रावर पोट भरलं त्याला माणूस थोडं तरी सांभाळून घेतो. ट्रकवाले आपल्या भंगार ट्रकलासुद्धा शिव्या देऊ देत नाहीत. म्हणून मी हिरिरीने पुस्तकं चाळायचो, मोबाइलवर शोधायचो आणि दर रविवारी नवं वाईट विमान घेऊन जायचो. मला जिंकायचं होतं. मास्तर माणूस, हरायची सवय नाही.

आणखी एक गोष्ट गावाला खटकायची. हा मनुष्य कुणाच्या मशीनला हात लावायचा नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली की लोक त्याच्या दारात यायचे. जेटचं इंजिन खोलणाऱ्याला पाण्याची मोटार म्हणजे काय! पण तो म्हणायचा, "आता हाताला सवय न्हाई राह्यली." लोक म्हणायचे, पायलटला मस्ती आली.

एकदा फवारणीच्या दिवसांत मी त्याच्या शेतात गेलो होतो. पाठीवरचा पंप समोर ठेवून तो लिंबाखाली बसला होता. झाकण उघडायचा, आतला वायसर बघायचा, झाकण लावायचा, परत उघडायचा. मी टिंगल केली, "अरे, औषध मारायचंय, बॉम्ब न्हाई टाकायचा."

तो हसला नाही. पंपाकडे बघतच त्याने सांगितलं. एका सकाळी शेवटची तपासणी त्याने केली होती. सगळं ठीक वाटलं म्हणून त्याने अंगठा वर केला. आतल्या पायलटनेही काचेतून अंगठा वर केला. पायलट वयाने त्याच्याहून लहान होता. विमान वर गेलं आणि धावपट्टीच्या पलीकडे शेतात पडलं. पायलट वाचला नाही.

"चौकशी झाली," तो म्हणाला. "कारण काही निघालं न्हाई. मला कुणी एक शब्द बोललं न्हाई. बोललं असतं तर भांडलो असतो, गड्या. एक तर मशीन खराब व्हती, न्हाई तर माझा हात. तिसरं काही न्हाई. रोज मनात ते इंजिन खोलून बघून राह्यलो मी. कधी समदं बराबर दिसतं, कधी एक नट ढिला दिसतो."

आमच्या वादात मी दर रविवारी काय करत आलो होतो ते तेव्हा कळलं. त्याला ते विमान जगातलं सगळ्यात वाईट असायला हवं होतं. शौक म्हणून नाही, त्याशिवाय त्याला झोप नव्हती. आणि पायलट, पायलट म्हणून गाव ज्या प्रेमाने हाक मारत होतं, ती हाक त्याला कुठे लागत होती हेही कळलं. हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगायचं नाही, असं त्याने बजावलं.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेलो. चहा येईपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "बराबर हाय तुझं. मी लई शोधलं. तुमच्यापेक्षा वाईट विमान झालंच न्हाई."

हॉटेलवाला खूश झाला, एवढ्या वर्षांनी निकाल लागला म्हणून. मित्राने मात्र कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तसं त्याने माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं. रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक जात होते. त्यांचा आवाज ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "तू हरला न्हाई. तू सोडून देऊन राह्यला."

मी शपथा घेतल्या, आकडे सांगितले, एका परदेशी जाणकाराचं मत म्हणून स्वतःचंच मत सांगितलं. वर्गात पोरांची थाप मला लगेच कळते, तशी त्याला माझी कळली. त्याने ऐकून घेतलं आणि उठला.

त्यानंतर जे झालं त्याला माझ्याकडे इलाज नव्हता. तो हॉटेलवर येत राहिला, पण त्याने बाजू बदलली. ते विमान किती झपकन वर चढायचं, किती मार खाऊन परत यायचं, त्याच्यावर नुसता हात बसला तरी माणूस आयुष्यभर मेकॅनिक म्हणून खाईल, असं काय काय सांगायचा. मी चिडून भांडायचो. आता मीच त्या विमानाच्या खोडी शोधून आणायचो आणि तो एकेक खोडून काढायचा. माझ्यापेक्षा त्याला जास्त माहिती होती, मी कसा जिंकणार? शेवटी एकदा म्हणाला, "मशीन चांगली व्हती, सर." वर्गमित्र असून त्याने मला सर म्हटलं. मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालो.

थंडीत तो गेला. विहिरीवर मोटार चालू करायला गेला होता, तिथेच हृदय बंद पडलं. माझ्याआधी सगळं गाव तिथं पोहोचलं होतं.

दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठी जमलो. मुलाने पिंड ठेवले, गुरुजींनी मंत्र म्हटले आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. काठावरच्या बाभळीवर कावळे होते, हवे तेवढे. एकही खाली उतरेना. आमच्याकडे मग गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ते आठवून एकेक जण पुढे होतो आणि हात जोडून शब्द देतो. त्याचा भाऊ म्हणाला, बांधावरून भांडणार न्हाई. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, पोराचं लगीन थाटात करते. गावातला एक म्हातारा पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "पायलट, काळजी करू नका. तुमचं नाव गावाच्या कमानीवर घालू." कावळे बाभळीवरच राहिले.

ऊन चढायला लागलं तसं लोक माझ्याकडे बघू लागले. मी विज्ञानाचा शिक्षक, माझा या कशावर विश्वास नाही. तरी गेलो. पिंडापाशी वाकलो आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "मशीनच खराब व्हती. तुझा हात बराबर व्हता, गड्या. मी तुला बरं वाटावं म्हणून न्हाई म्हणत." मी बाभळीकडे बघत राहिलो. एका कावळ्याने मान वाकडी करून खाली बघितलं, पंख झटकले आणि तो पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गुरुजींनी सूर्याकडे बघितलं. फार उशीर व्हायला नको, असं म्हणत त्यांनी दर्भ घेतला, दोन गाठी मारून त्याचा कावळा केला आणि मुलाच्या हाताने पिंडाला लावला. "शिवला, शिवला," असं सगळे म्हणाले. लोक अंघोळीला नदीकडे वळले.

वहिनी माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, तुम्ही काय बोलला त्येंच्याशी?"

"विमानाचं," मी म्हणालो.

"मंग ऐकलं त्येंनी," त्या म्हणाल्या. "तुमच्यानंतर लगेच शिवला."

मी हो म्हणालो. गवताच्या कावळ्यावर त्यांचं समाधान झालं होतं. त्याचं झालं नसतं.