मागावर उरलेली टोकं

आज साडीला खळ घातली आणि त्या वासानं शहापुरातला आमचा हातमाग आठवला. तेव्हा माझा पहिला लेख तीन दिवस अडला होता. रोज कागद फाडायचे, नव्यानं सुरू करायचे. मोठी बहीण आक्का मागावर बसून संपलेल्या साडीच्या उभ्या धाग्यांच्या उरलेल्या टोकांना नवे दोरे एकेक करून बांधत होती.

"जुनं सगळं काढून टाक की," मी म्हटलं.

"मग सगळे धागे मागात परत ओवण्यातच आठवडा जातोय गं. नक्षी आडव्या धाग्यात असतीया. ती नवी घालायची."

तेव्हा मला ती कामचुकार वाटली. आता प्रत्येक लेखातलं न मावलेलं एक वाक्य मी राखून ठेवते आणि पुढचा लेख तिथूनच धरते. परवा संपादकांनी विचारलं, दर आठवड्याला नवं कसं सुचतं. म्हटलं, सुरुवात जुनीच असते.