भावाच्या नावाची फुंक

त्याचं खरं नाव हजेरी घेतानाच काय ते ऐकू यायचं. एरवी सगळा कारखाना त्याला भाता म्हणायचा. लोहाराच्या भात्यासारखी छाती, हसला की वरचा पत्रा दणाणायचा. दगडाच्या त्या कारखान्यात त्याचं काम बाहेर होतं, अंगणात, कापलेल्या फरश्या ट्रकवर चढवायचं. मोकळी हवा मिळायची म्हणून त्याची छाती शाबूत होती. आत करवतीवर उभं राहणाऱ्यांची नव्हती.

आत दगड कोरडाच कापायचे. करवतीवर पाणी सोडायची नळी होती, पण पाण्याने चिखल होतो, काम रेंगाळतं, म्हणून मुकादमाने ती कधीच काढून टाकली होती. तोंडाला लावायला कागदी मास्क मिळत. घामाने ते चिकटले की जीव गुदमरायचा, मग दिवसभर गळ्यात लोंबत राहायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले की बाप कोण आणि लेक कोण ते कळू नये, इतके पांढरेफटक.

वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. नळीत फुंक मारायची, पडद्यावर रेघ वर चढायची. जो कमी पडेल त्याला विश्रांती. विश्रांतीवरून परत आलेला माणूस मात्र आजवर कुणी पाहिला नव्हता. मग कामगारांनीच तोड काढली. ज्याची छाती घरघरते त्याची टोपी भात्याने घालायची, तोंडाला थोडी धूळ फासायची आणि गाडीत जाऊन त्याच्या नावाने फुंकायचं. गाडीतल्या तपासनिसाला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण त्यालाही जेवणाआधी उरकायचं असायचं, आणि सगळे पास झालेले मालकालाही हवे असायचे. सगळ्यांच्या सोयीची फसवणूक, मग बोभाटा करतो कोण! भात्याला तर त्यात मोठा मान वाटायचा. "बोला, आज कुणाकुणाची छाती व्हायचं?" म्हणत तो रांगेतून मिरवायचा.

त्याचा धाकटा भाऊ आत करवतीवर होता. भात्यानेच शब्द टाकून त्याला कामाला लावलं होतं. त्या वर्षी धाकटा जिना चढताना मध्येच थांबायला लागला. "दादा, माझंही बघ हं," एवढंच तो म्हणाला. सख्खा भाऊच तो. भात्याने इतरांसाठी मारली नव्हती अशी जोरदार फुंक मारली. रेघ पडद्याच्या टोकाला जाऊन टेकली. बाहेर येऊन त्याने भावाच्या पाठीत थाप हाणली, "घे लेका, घोडा झालास तू आता!"

मुकादमाने निकाल पाहिले आणि धाकट्याला आतल्या खोलीत टाकलं. फरशीच्या कडा घासायची खोली ती. खिडकी नाही, धुळीत स्वतःचा हात दिसायची मारामार. तिथे माणूस टिकत नसे.

"एवढी छाती आहे तर तूच पुरशील तिथे," मुकादम म्हणाला. वर हसला.

भाता तरातरा मुकादमाकडे निघाला होता. धाकट्याने त्याची बाही धरली.

"काय सांगणार आहेस? ती फुंक माझी नव्हती म्हणून? सगळी रांग घरी बसेल, दादा. तू आणि मीसुद्धा."

भाता थांबला. थांबायला नको होतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. तरी थांबला.

पुढे धाकटा उशीला टेकून, बसूनच झोपायला लागला. मग बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. त्याची बायको त्याला चमच्याने पाणी पाजायची, कारण गिळायला श्वास धरावा लागतो आणि तेवढाही त्याच्याकडे उरला नव्हता. एके दुपारी चमचा तसाच तिच्या हातात राहिला.

भरपाई मागायला भाता भावजयीला घेऊन कारखान्याच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने शेवटचा निकाल पुढे सरकवला. "अहो, फुप्फुसं तर अव्वल होती! कामाचा संबंधच नाही. विड्या ओढत असतील."

जन्मात विडीला न शिवलेल्या माणसाबद्दल हे बोलणं चाललं होतं, आणि भाता ते मुकाट्याने ऐकत होता. तोंड उघडलं तर अजून पंधरा-वीस घरांच्या चुली विझल्या असत्या. त्याने भावजयीला उठवून बाहेर आणलं. वाटभर ती त्याला मागे टाकून चार पावलं पुढेच चालत राहिली. नवऱ्याने तिला सगळं सांगून ठेवलं होतं.

लेकरांची पोटं कशी भरायची? ती त्याच कारखान्यात झाडायला लागली. कोरडा झाडू, कोरडी धूळ. पुढची गाडी येईपर्यंत तीही खोकायला लागली होती.

रांग लागली तशी ती भात्यासमोर येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आता ही चारचौघांत तोंडावर थुंकणार. थुंकली असती तर बरं झालं असतं. तिने डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"भावोजी, माझ्या नावाने फुंका," ती म्हणाली. "पण हळू फुंका. पास होण्यापुरतंच."